चष्म्याच्या चिठ्ठीतला तिसरा आकडा

‘डॉक्टर, लॅसिक करू की स्माइल?’ असं विचारणाऱ्यांकडे मी आधी चष्म्याची चिठ्ठी मागतो. समजा त्यावर लिहिलंय: मायनस ३.५०, सिलिंडर मायनस १.७५, ॲक्सिस १०. मायनस नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतो, ॲक्सिसकडे कुणी बघत नाही. चष्मा घालवणाऱ्या लेझरचा निर्णय मात्र बराचसा तिथेच अडतो.

सिलिंडरचा नंबर असलेल्या डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच, एका दिशेला जास्त वळलेली असते. ॲक्सिसवरून ती दिशा कळते आणि लेझर त्याच कोनात बसावा लागतो. कोन दहा अंशांनी चुकला तर सुमारे एक तृतीयांश फायदा वाया. तीस अंशांनी चुकला तर सिलिंडर जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त कोन बदलतो. त्यात गंमत अशी, की माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो. कुणाचा दोन अंश, कुणाचा त्याहून बराच जास्त.

लॅसिक आणि पीआरके या लेझर पद्धतींच्या बऱ्याच यंत्रांत बुबुळावरची नक्षी ओळखून हा फेर भरून काढण्याची सोय असते. स्माइलच्या सुरुवातीच्या यंत्रांत ती नव्हती. म्हणून सर्जन पेशंटला ताठ बसवून कॉर्नियाच्या कडेला, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी शाईच्या खुणा करतो आणि टेबलावर त्या रेषेत आणतो. अमेरिकेच्या एफडीएने स्माइलला मायनस नंबरसाठी २०१६ मध्ये मान्यता दिली. ३ पर्यंतच्या सिलिंडरसाठी ती २०१८ मध्ये मिळाली.

स्माइलमध्ये दोन ते चार मिलिमीटरचा छेद पुरतो, लॅसिकसारखी पापुद्र्याची झडप उघडावी लागत नाही, डोळे कोरडे पडण्याचा त्रासही साधारण कमी. सिलिंडर एकच्या आत असेल तर मी खुशाल स्माइल सुचवतो. दोनच्या पुढे असेल तर कोन धरणाऱ्या यंत्रावरचं लॅसिक मला जास्त भरवशाचं वाटतं. थोडा नंबर उरलाच तर तो दुरुस्त करणंही सोपं. कबड्डी, कुस्ती खेळणाऱ्यांना किंवा कॉर्निया थोडा पातळ असलेल्यांना पीआरके. तीन-चार दिवस डोळे सणसणून झोंबतात आणि नजर पूर्ण स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात, हे आधीच सांगतो.

विशीतल्या मुलाचा सिलिंडर दर चिठ्ठीला वाढत असेल आणि त्याला डोळे चोळायची सवय असेल, तर मात्र मी लेझरचं नावच काढू देत नाही. तो केरॅटोकोनस असू शकतो. त्यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि लेझरने तो आणखी कमकुवत होतो. कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी त्यासाठीच करतात. तिच्याशिवाय कुणी तारीख देत असेल तर उठून या. तपासणीआधी साध्या कॉन्टॅक्ट लेन्स किमान एक-दोन आठवडे आणि सेमीसॉफ्ट तीन-चार आठवडे काढून ठेवा, नाहीतर लेन्सने दाबलेल्या कॉर्नियाचाच नकाशा निघेल आणि ॲक्सिसही चुकीचा येईल.