नाशिकचे साठ गड, सावकाश

लागणारा वेळ: सहा ते आठ वर्षे
माणसे: दोन ते पाच
हंगाम: बाराही महिने, पण प्रत्येक गडाचा आपला

नाशिक जिल्ह्यात किल्ले किती, असे चार डोंगरभटक्यांना विचारले तर चार आकडे मिळतात. कोणी सीमेवरचे धरतो, कोणी गढ्या सोडून देतो. पण कशीही मोजणी केली तरी आकडा साठाच्या वर जातो. महाराष्ट्रात इतके डोंगरी किल्ले दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्याच्या वाट्याला आलेले नाहीत. त्यामुळे ‘नाशिकचे सगळे किल्ले करायचे’ हा संकल्प इथे दर पावसाळ्यात शेकडो लोक सोडतात आणि बहुतेकांचा तो दिवाळीच्या आत सुटतो. कारण दमणे नव्हे, घाई.

मीही घाई केली होती. राजदेरवाडीत मुक्काम ठोकून इंद्राई, राजधेर आणि कोळधेर एका दमात उरकले. यादीवर तीन खुणा झाल्या. महिन्याने फोटो पाहायला बसलो तर कुठले टाके कुठल्या गडावरचे, ते सांगता येईना. राजधेरची लोखंडी शिडी तेवढी आठवत होती. पुढे तिन्ही गड वेगवेगळ्या दिवशी पुन्हा केले, तेव्हा कुठे ते झाले. खालची कृती त्या फसलेल्या कृतीतून आलेली आहे.

साहित्य

- जिल्ह्याचा मोठा नकाशा, भिंतीवर लावता येईल असा
- दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही
- पकड घेणारे, मुरलेले बूट; नव्या बुटांनी मोठा गड चढू नये
- हिवाळ्यात माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात चार ते पाच
- दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि मूठभर बेदाणे
- डोक्याला बांधायची विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, मीठ-साखरेची पुडी
- घरच्यांची संमती. सात वर्षांच्या कामाला ही लागतेच

कृती

१. आधी ‘झाला’ म्हणजे काय ते ठरवा. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. धोडपच्या माथ्यावर शिवलिंगासारखा सुळका आहे. आपण चालत जातो ते त्याच्या पोटाशी असलेल्या गुहेपर्यंत आणि पुढच्या कातळभिंतीतल्या त्या प्रसिद्ध खाचेपर्यंत. मग धोडप झाला की नाही? सप्तशृंगीचे शिखर तर आपल्यासाठी नाहीच. चैत्रोत्सवात आणि नवरात्रात दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी कीर्तिध्वज लावायला त्यावर चढतो, बाकीच्यांनी देवीच्या पायऱ्यांपर्यंतच जायचे. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहा: चालत जाता येते तिथवरचा माथा आणि गडावरच्या मुख्य वास्तू पाहिल्या की गड झाला. कळसूबाईसारखे सीमेवरचे डोंगर धरायचे की नाही, तेही आत्ताच ठरवा. पाचव्या वर्षी यादी वाढवण्याचा मोह होतो.

२. यादी आकड्याने नव्हे, रांगेने मांडा. नकाशावर चार रंग वापरा. उत्तरेला बागलाणातली सेलबारी-डोलबारी रांग: साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड, न्हावीगड. मध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारी सातमाळ: अचला, अहिवंत, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, चांदवड आणि शेवटी मनमाडजवळचे अंकाई-टंकाई. पश्चिमेला त्र्यंबक रांग: अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, भास्करगड. दक्षिणेला कळसूबाई रांग: अलंग, मदन, कुलंग, औंढा, पट्टा. गाळणा, पिसोळ, डेरमाळ असे रांगेबाहेर विखुरलेले गड पाचव्या रंगात. एक रांग सलग संपवू नका. रांगा आलटून-पालटून करा, म्हणजे एकीवरून दुसरी ओळखता येते. साल्हेरवरून सातमाळेची कातरलेली कड दिसते आणि त्यातला धोडप बोटाने दाखवता येतो, तेव्हा जिल्हा डोक्यात बसायला लागतो.

३. मग गणित करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्याला एक फेरी, म्हणजे पाच. पावसाळ्यात दोन. उन्हाळ्यात एक. वर्षाला आठ फेऱ्या झाल्या. साल्हेर-सालोटा, रवळ्या-जावळ्या, अंकाई-टंकाई असे जोडगड एकत्र धरले तर साठाच्या पन्नासेक फेऱ्या होतात. सव्वासहा वर्षे. लग्नसराई, आजारपण, मुलांच्या परीक्षा मिळवल्या की सात. हा आकडा पाहून छातीत धस्स होत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. स्कॉटलंडमध्ये ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. सध्याच्या मोजणीत ती २८२ आहेत. ती सर्व चढल्याचा पहिला मान दहा वर्षांनी, १९०१ साली, रॉबर्टसन नावाच्या एका धर्मोपदेशकाला मिळाला. खुद्द मन्रो १९१९ साली गेले तेव्हा त्यांच्या यादीतली काही शिखरे राहिलीच होती. तरी लोक ती शिखरे आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

४. गडाला त्याचा ऋतू द्या. हे या कृतीचे मर्म आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मालेगाव-मनमाडकडे पाचशेच्या आसपास. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेचे गड घ्या: अंकाई-टंकाई, चांदवड, गाळणा. त्याच वेळी त्र्यंबककडे धुके असते, कातळ शेवाळलेला असतो आणि हरिहरच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी माणसाला माणूस चिकटलेले असते. गर्दी आवरायला वनविभाग मधूनमधून बंदीही घालतो. निघण्याआधी चौकशी करा.

अंजनेरीला पाऊस ओसरताना, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात जा. ज्या कंदीलपुष्पाच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, ते या डोंगराचे खास फूल त्या दिवसांत फुलते. वाट सोडून पठारावर पाय टाकू नका, फोटोसाठी तर मुळीच नको.

ऑक्टोबर ते जानेवारी सातमाळ आणि बागलाण. गवत कंबरेपर्यंत असते, पण टाकी भरलेली असतात आणि हवा स्वच्छ असते. फेब्रुवारीनंतर गवत वाळते, वणवे लागतात, टाकी आटतात. मार्च ते मे फक्त छोटे किंवा पायऱ्यांचे गड, तेही पहाटे निघून दहाच्या आत खाली.

५. चढती भाजणी ठेवा. पहिल्या वर्षी सराव शहरातच करा. आठवड्यातून दोन सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या तीनदा चढून उतरा. गुडघे दुखतात ते उतरताना, म्हणून उतरण्याचा सराव जास्त. मग त्रिंगलवाडी, हातगड, अंकाई. दुसऱ्या वर्षी अंजनेरी, ब्रह्मगिरी, मुल्हेर, चांदवड. तिसऱ्या वर्षी धोडप, हरिहर, साल्हेर. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले ते याच्या पायथ्याशी आणि २०२५ साली जागतिक वारशात गेलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे. त्याला पूर्ण दोन दिवस द्या: एक संध्याकाळ गंगासागर तलावाशी, एक सकाळ परशुरामाच्या देवळापाशी.

अवघड गडांत अलंग-मदन सर्वांत शेवटी. तिथल्या तुटलेल्या पायऱ्यांच्या टप्प्यांना दोर लागतो. ते जाणत्या गिर्यारोहण संस्थेबरोबरच करावेत. एखाद्या चित्रफितीत पाहून नव्हे.

६. फेरीचा दिवस असा चालवा. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात पोहोचा. एसटीने तालुक्यापर्यंत आणि पुढे काळी-पिवळीने गेलात तर वाटेतच निम्मी माहिती मिळते. गावात दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: ‘गडावर पाणी आहे का?’ आणि ‘ते पिण्यासारखं आहे का?’ पहिल्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. सातमाळेत ढोरवाटांचे जाळे आहे, म्हणून पहिल्या खेपेला गावातला वाटाड्या घ्या आणि मोबदला आधी ठरवा.

चढाईचा अंदाज असा: पाठीवर ओझे असताना तासाला तीनशे मीटर उंची. बारीतून कळसूबाई सुमारे नऊशे मीटर, म्हणजे तीन तास. त्यापेक्षा लवकर पोहोचलात तर कौतुक नको. वाटेत काय चुकले ते आठवा. बोलता बोलता चढता आले पाहिजे. बोलणे थांबले की चाल जास्त झाली.

हरिहरसारख्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत. काठी पिशवीला बांधा, हात कडेच्या खोबणीत ठेवा आणि उतरताना तोंड कातळाकडे करा.

कड्याला आग्यामोहोळ दिसले तर आवाज, धूर आणि अत्तर तिन्ही बंद. गुपचूप मागे फिरा.

७. उलटायची वेळ खाली असतानाच ठरवा. ‘बारा वाजता जिथे असू तिथून परत’ असे पायथ्याशीच मोठ्याने बोला. माथा पन्नास मीटरवर असताना हा निर्णय घेता येत नाही. तिथे माणसाला फक्त माथा दिसतो. परतलात तर वहीत ‘अर्धा’ असे लिहा. खाडाखोड नको. सात वर्षांच्या वहीत एकही ‘अर्धा’ नसेल तर वही खोटी आहे किंवा नशीब फार चांगले.

८. वही त्याच रात्री लिहा. सहा रकाने पुरे: तारीख, सोबत, वाट, पाणी, चढ-उताराचा वेळ आणि शेवटचा ‘राहिलेले’. या शेवटच्या रकान्यात न पाहिलेले लिहायचे. न दिसलेला चोरदरवाजा, बंद असलेले देऊळ, वाटाड्याने सांगितलेली पण न केलेली दुसरी वाट. खुणा करणाऱ्याची यादी दरवर्षी आखूड होते. या रकान्यामुळे तुमची वाढत जाते. गडवेडे लेखक गो. नी. दांडेकर यांनी राजगडाच्या किती वाऱ्या केल्या! एकाच डोंगरावर पुन्हा पुन्हा काय पाहायचे, असे त्यांना विचारायची कोणाची हिंमत झाली नसावी. घोटी-इगतपुरीकडची मंडळी नवरात्रात नऊ दिवस रोज कळसूबाई चढतात. त्यांच्याकडे यादीच नाही.

९. शेवटचा गड सोपा ठेवा. मन्रोंची यादी पुरी करणारे स्कॉटिश लोकही बहुधा असेच करतात, म्हणजे शेवटच्या दिवशी सगळ्यांना बरोबर येता येते. मी रामशेज मुद्दाम बाजूला ठेवला आहे. शहरापासून तासाभराच्या आत, आशेवाडीतून निघाले की आजी-नातू दोघांनाही जमेल असा. सात वर्षे ज्यांनी पहाटे चारला डबे भरून दिले, त्यांना त्या दिवशी पुढे चालू द्या. डबा आपण भरायचा.

टिपा

- फेऱ्या साचल्या म्हणून एका सुट्टीत चार गड उरकू नका. वर्ष वाढवा.
- गडावरचे प्लॅस्टिक स्वतःचे आणि सापडेल तेवढे दुसऱ्याचे खाली आणा. टाक्यात हात-पाय धुऊ नका. ते गुराख्याचे पिण्याचे पाणी आहे.
- सोबती बदलतील. कोणाची बदली होईल, कोणाचे गुडघे बोलतील. वही एकाकडेच राहू द्या.
- ‘अजून झाले नाहीत का सगळे?’ असे कोणी विचारलेच तर त्याला रामशेजची गोष्ट सांगा. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने हा लहानसा डोंगर वेढला. तोफा होत्या, लाकडी बुरूज होते, एकामागून एक सरदार आले. तरी गड हाती यायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांना एकच घ्यायचा होता.