थकलेली पोटगी वर्षाच्या आत मागा

कोर्टाने पोटगी मंजूर केली म्हणजे पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू होतील, असं आमच्याकडे बहुतेक बाया धरून चालतात. आमच्या घरातही तसंच वाटत होतं. निकाल लागला तेव्हा भावाने गल्लीत पेढे वाटले, आईने येरमाळ्याला जाऊन येडाईपुढे नारळ फोडला. पहिला महिना कोरडा गेला. मग दिराचा फोन आला, "वहिनी, यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, जरा दमानं घ्या." त्यानंतर फोनही बंद झाले, आणि मुलीच्या शाळेची फी, दप्तर, आजारपण सगळं माझ्या शिलाई मशीनवर येऊन पडलं.

मी कळंब तालुक्यातली. मुलीचा बाप टेम्पो चालवतो, कधी चाकणला असतो तर कधी हैदराबादकडे. गावाकडे त्याच्या नावावर भावांबरोबर सामाईक जमीन आहे, त्यात ऊस आणि सोयाबीन. म्हणजे पैसा नाही असं नाही. तो पगाराच्या पावतीवर दिसत नाही, एवढंच. धाराशिव जिल्ह्यात निम्म्याहून जास्त घरांचं उत्पन्न याच पद्धतीचं असेल. म्हणून शहरातल्या नोकरदाराच्या बायकोला मिळणारा सल्ला आपल्याला अर्धाच उपयोगी पडतो. उरलेला अर्धा मला जे भोगावं लागलं त्यातून सांगते.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. आदेश झाला की कोर्टातली ती फाइल बंद होते. तुमच्या खात्यावर पैसे आले की नाही, हे न्यायाधीशांना कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगायचं म्हणजे वसुलीचा वेगळा अर्ज करायचा. आणि त्या अर्जाला मुदत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम 125 आता राहिलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 लागू झालं. आकडा बदलला, मुदत तीच राहिली: ज्या तारखेला रक्कम देणं लागलं, तिथून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच त्या रकमेसाठी वॉरंट निघतं.

तारखेला भेटणाऱ्या भूमकडच्या एका ताईंचं यात मोठं नुकसान झालं. घरातली वडीलधारी माणसं म्हणाली, "साठू दे, एकदम मोठी रक्कम मागू, म्हणजे तो घाबरंल." वकिलांनीही घाई केली नाही. तीन वर्षं साठली. अर्ज केला तेव्हा वॉरंट निघालं ते शेवटच्या बारा महिन्यांपुरतं. आधीचे पैसे बुडाले असं कायदा म्हणत नाही. तमिळनाडूतल्या पूनगोडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली स्पष्ट केलं की ही मुदत वसुलीच्या या एका मार्गापुरती आहे, बाईचा हक्क त्याने संपत नाही, दिवाणी मार्ग खुला राहतो. पण दोन लेकरं घेऊन रोजंदारीला जाणाऱ्या बाईने पुन्हा दिवाणी कोर्टाची पायरी चढायची कशाच्या बळावर? त्या ताईंनी ते पैसे सोडून दिले. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, साठू देऊ नका. तीन-चार महिने थकले की अर्ज टाका. पहिला अर्ज चालू असताना पुढचे महिने त्यातच धरता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये शांता यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. तरी मी वकिलांना दर वेळी नव्या महिन्यांचा तपशील लेखी द्यायला लावते.

अर्ज लिहायला अवघड नाही. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल लागते, आणि पोटगीच्या आदेशाची नक्कल ज्याच्या बाजूने आदेश झाला त्याला मोफत द्यायची असं कायद्यातच आहे. त्याला एक तक्ता जोडायचा: महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. माझी वही अशीच आहे, चार रकाने आखलेली. जोडीला बँकेच्या पासबुकाची प्रत. यासाठी पोटगी खात्यावरच घ्यायची, रोख घ्यायची नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत मुलीचा बाप तिला भेटला आणि पाचशेच्या नोटा तिच्या हातात कोंबून गेला. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलांनी सांगितलं, आम्ही वेळोवेळी रोखीने देत आलो आहोत. बापाने लेकराला खाऊला पैसे दिले तर आनंदच आहे, ते तिने घ्यावेत. पण ती पोटगी नव्हे, आणि कोर्टात तसं ठामपणे सांगता आलं ते खात्याचा उतारा कोरा होता म्हणून.

वसुलीच्या अर्जावर कोर्ट आधी नोटीस काढतं, मग वॉरंट. आणि इथे खरा कस लागतो. माझं पहिलं वॉरंट पोलीस ठाण्यातून परत आलं, त्यावर शेरा होता: "सदर इसम राहत्या पत्त्यावर मिळून आला नाही." त्याच आठवड्यात त्याच गावात त्याच्या पुतण्याचं जावळ होतं आणि तो मांडवात पंगत वाढत होता, हे आमच्या पाहुण्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शेऱ्यावर चिडून काही होत नाही. पुढच्या अर्जात मी त्याचे सगळे पत्ते दिले: गावचं घर, चाकणला ज्या गाड्यांच्या अड्ड्यावर तो झोपतो ती जागा, टेम्पोचा नंबर, चालू असलेला मोबाइल, आणि गावात सणावाराला तो कधी येतो ते दिवस. पोळ्याला आणि लक्ष्म्यांना आपला माणूस घरी येतोच. तो जिल्ह्याबाहेर असेल तर ज्या ठिकाणी तो सापडेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते, ही तरतूद फार कमी बायांना माहीत असते. पूर्वी ती कलम 128 मध्ये होती, आता 147 मध्ये आहे.

थकीत पोटगी दंडासारखी वसूल करायची असते. म्हणजे जंगम मालमत्ता जप्त करून विकता येते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम वसूल करता येते. आपल्याकडे हा रस्ता खरा कामाचा, कारण आपल्या माणसांची मालमत्ता शेतात असते. पण कोर्टाला ती दाखवून द्यावी लागते. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन मिळतो, गट नंबर नसला तरी नावावरून शोधता येतो. फेरफार तर डोळ्यांत तेल घालून पाहत राहा. दावा लागल्यावर भावाच्या नावे हक्कसोड करून देणं, वाटणीत आपल्या नावे काहीच न ठेवणं, हे गावोगाव चालतं. तसं काही दिसलं की लगेच वकिलांना सांगा आणि जमीन हस्तांतरित करायला मनाई मागा. विकून झाल्यावर धावण्यात अर्थ राहत नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो उसाच्या बिलाचा. माझा एक आदेश 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली होता. त्या कायद्याच्या कलम 20 मध्ये असं आहे की, जो माणूस पैसे देत नाही त्याच्या मालकाला, किंवा त्याला ज्याच्याकडून येणं आहे त्याला, रक्कम थेट बाईला द्यायला किंवा कोर्टात भरायला कोर्ट सांगू शकतं. लोक हे फक्त पगारापुरतं समजतात. माझ्या वकिलीणबाईंनी "येणं" या बाजूने विचार केला. त्याची ऊस नोंद कारखान्याकडे होती, बिल कारखान्याने द्यायचं होतं, म्हणजे कारखाना त्याचा देणेकरी. गाळप सुरू व्हायच्या आधी आम्ही अर्ज केला, नोंदीचा तपशील जोडला, आणि बिलातून थकबाकीचा मोठा हिस्सा कोर्टात जमा झाला. हंगाम संपल्यावर हाच अर्ज केला असता तर बिल उचलून झालं असतं. तेव्हा वेळ पिकाच्या हिशोबाने साधा: उसाला कारखाना, सोयाबीनला आडत, दुधाला डेअरी.

"मला कामच नाही, मी कुठून देऊ?" हे ऐकायची तयारी ठेवा. यावर आपल्याच महाराष्ट्रातलं एक प्रकरण प्रत्येकीला माहीत असायला हवं, रजनेश विरुद्ध नेहा. मुलगा जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत, 2013 मध्ये, नेहा सासर सोडून आल्या. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने 2015 मध्ये त्यांना दरमहा 15,000 आणि मुलाला आधी 5,000 व पुढे 10,000 रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. नवरा उच्च न्यायालयात हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला, आपल्याला रोजगार नाही म्हणाला. 4 नोव्हेंबर 2020 ला निकाल लागला तेव्हा अंतरिम पोटगीचाच प्रश्न सात वर्षं लोंबकळत होता. अंतरिम, म्हणजे तात्पुरती! न्यायालयाने सगळी थकबाकी बारा आठवड्यांत भरायला लावली आणि देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दिलंच पाहिजे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. आणि शपथपत्राचा एक नमुना खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे, त्यात जमीन किती, बागायत की जिरायत, पिकं कोणती, जनावरं किती, हे सगळं भरावं लागतं. समोरचा ते शपथपत्र देत नसेल तर त्यावर अडून बसा. त्याने खोटं लिहिलं असेल तर सातबारा आणि पीकपाहणी पुढे ठेवा. 2022 च्या अंजू गर्ग यांच्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायको-लेकरांना पोसलंच पाहिजे.

आता तुरुंगाविषयी. वॉरंट काढूनही सबळ कारण नसताना पैसे भरले नाहीत तर थकलेल्या महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पैसे भरले की त्या क्षणी सुटका. याची वेळ आली तेव्हा गावात माझ्याबद्दल नको नको ते बोललं गेलं. लेकराच्या बापाला जेलात घालणारी बाई म्हणून चुलत्यांनी बोलणं टाकलं. मुलीलाही शाळेत कुणीतरी हिणवलं. मी तिला समोर बसवून सांगितलं, की पैसे भरून बाहेर यायचा रस्ता त्यांना रोज उघडा आहे, आणि ते पैसे आईचे नाहीत, तुझे आहेत. ज्यांना असं ऐकावं लागेल त्यांनी हे मनात पक्कं धरावं. शिवाय, कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. कुलदीप कौर यांच्या प्रकरणात 1988 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की तुरुंग हे पैसे द्यायला लावण्याचं साधन आहे, फेड नव्हे.

कैदेची वेळ जवळ आली की बैठक बसते. पाहुणे-रावळे, सरपंच, दोन्हीकडचे मामे. एकरकमी अमुक घ्या, बॉण्डवर फारकत लिहून द्या, लेकराचा हक्क सोडला असंही लिहा. मोठी रक्कम समोर दिसते, घरचे थकलेले असतात, म्हणून हा क्षण सगळ्यात नाजूक. लेकराची पोटगी सोडून द्यायचा अधिकार आईला नाही, तसा कागद झाला तरी लेकरू पुढे मागू शकतं. तडजोड करायचीच तर कोर्टात किंवा लोकअदालतीत करा, रक्कम बँकेत जमा झाल्यावरच पुरशीसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करा, आणि मुलाच्या वाट्याची रक्कम वेगळी लिहून घ्या. पोस्ट डेटेड चेकवर अर्ज काढून घेऊ नका.

वकिलाच्या फीची भीती असेल तर ती आधी काढून टाका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला आणि लेकराला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. धाराशिवला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, 15100 वर फोनही करता येतो. माझ्या वकिलीणबाई तिथूनच मिळाल्या. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात. लक्ष देत नसेल तर बदलून मागा, तोही हक्क आहे.

इतकं सगळं एकट्या बाईने का करावं, हा प्रश्न मला अजून छळतो. जर्मनीत 1980 पासून असा कायदा आहे की बाप पैसे देत नसेल तर सरकार लेकराला आगाऊ रक्कम देतं आणि मग बापाकडून वसूल करत बसतं. पाठलाग सरकारचा, आईचा नाही. आपल्याकडे तसं व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. तोवर एकल पालकाच्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2,250 रुपये. परित्यक्ता बायांना संजय गांधी निराधार योजनेतून 1,500 रुपये मिळू शकतात. अर्ज जरूर करा. त्याने बापाची जबाबदारी कमी होत नाही.

आणखी एक. आदेशातली रक्कम कायमची नसते. परिस्थिती बदलली की वाढ मागता येते, त्याचं कलम आता 146 आहे; नवराही कमी करून मागू शकतो, म्हणून वहीतले खर्च पावत्यांसकट जपा. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कलम 144 खालची पोटगी थांबते, पण लग्न न झालेल्या मुलीला 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली पुढेही वडिलांकडून मागता येतं. माझी मुलगी यंदा आठवीत गेली. पहिलीत असताना ठरलेल्या पोटगीत आता तिच्या एसटीचा पास, वह्या आणि शिकवणीही भागत नाही. वाढीचा अर्ज दाखल केला आहे, सोबत त्याचा नवा सातबारा आणि या हंगामाची ऊस नोंद जोडली आहे.