समुद्रकाठचा परवडणारा मुक्काम : हिशेब आणि धडा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार, वेल्डर, सुतार किंवा दुकानदार वर्षभर राबतो. मुलांना समुद्र दाखवायची गोष्ट निघाली की "परवडत नाही" म्हणून ती पुढे ढकलतो. खरे म्हणजे न परवडणारी गोष्ट समुद्र नसून हिशेबाशिवाय केलेला प्रवास असतो. सहल हाही एक व्यवहार आहे. कच्चा माल घेताना आपण जी चौकशी करतो तीच खोली घेताना केली पाहिजे.

आपल्याला सर्वात सोयीचा किनारा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली आणि देवबागचा. कुपवाडहून सांगली, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट आणि कणकवली असे मालवणला जाता येते. रेल्वेने मोठा वळसा पडतो, म्हणून एस. टी. किंवा चार कुटुंबांनी मिळून केलेली गाडी बरी. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले. चारही बाजूंनी खारे पाणी असून आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेट होडीने पाहायचे आणि मुक्काम किनाऱ्यावर करायचा, अशी येथील रीत आहे.

दर वेगळा, खर्च वेगळा

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, खाजगी हॉटेले आहेत आणि गावकऱ्यांनी आपल्याच घरात काढलेल्या निवास-न्याहारीच्या खोल्याही आहेत. नवखे गिऱ्हाईक फक्त खोलीचा दर विचारते आणि तेथेच फसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच जणांचे कुटुंब, दोन रात्री. पहिली खोली १५०० रुपयांची, पण किनाऱ्यापासून दूर आणि जेवणाची सोय नाही. भाडे ३००० रुपये झाले. बाहेरची चार जेवणे माणशी २०० रुपये धरली तर ४००० रुपये, दोन न्याहाऱ्या ६०० रुपये आणि रिक्षा ८०० रुपये. एकूण ८४०० रुपये. दुसरी खोली २५०० रुपयांची, किनाऱ्याजवळ, न्याहारीसह. भाडे ५००० रुपये आणि घरचे जेवण माणशी १३० रुपये दराने २६०० रुपये. एकूण ७६०० रुपये. हजार रुपयांनी महाग दिसणारी खोली शेवटी ८०० रुपयांनी स्वस्त पडली.

कराचेही समजून घ्यावे. १८ जुलै २०२२ पूर्वी दिवसाला १००० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जी. एस. टी. नव्हता. ती सूट त्या दिवसापासून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. ज्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे अशा लहान घरमालकाने थेट आलेल्या गिऱ्हाइकाकडून हा कर घ्यायचा नसतो. तीच खोली मोबाईलच्या ॲपवरून घेतली तर कर लागतो, शिवाय ॲपवाल्याचे कमिशन घरमालकाच्या खिशातून जाते. म्हणून घरमालकाला थेट फोन करावा. कमिशन वाचत असल्याने भावात थोडी घासाघीस करायला जागा असते.

इसार देण्यापूर्वी विचारावे

किती माणसांचा दर आहे? जादा गादीचे किती? मुलांचे जेवण अर्धे की पूर्ण? बेत रद्द झाला तर इसार परत मिळेल का? मांस हलाल मिळेल का, की आपण मासळी व शाकाहारी जेवणच सांगावे? आवारात दारू चालते का? बायका-मुलांना घेऊन जाणाऱ्याने शेवटचे दोन प्रश्न संकोच न करता विचारावेत. गोड बोलून "सगळे होईल" असे उत्तर आले तर ते फोनवर लिहून मागावे.

दिवाळी, मे महिना आणि वर्षअखेर सोडून आठवड्याच्या मधल्या दिवसांत गेल्यास भाव उतरलेले असतात. पावसाळ्यात ते आणखी उतरतात, पण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत होड्या बंद असतात आणि समुद्रात उतरणे जिवावर बेतते. ती स्वस्ताई घेऊ नये.

पैसा कोठे जातो?

या बाबतीत मालदीवचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. या बेटांच्या देशात १९७२ साली पहिले रिसॉर्ट निघाले. वस्ती नसलेले एकेक बेट एकेका रिसॉर्टला, अशी पद्धत पडली. पाहुणा विमानातून उतरे तो थेट त्या बेटावर जाई. गावातल्या दुकानदाराची आणि त्याची गाठ पडत नसे. २००९-१० च्या सुमारास धोरण बदलले आणि लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस काढण्यास मुभा मिळाली. माफुशीसारख्या बेटावर बेताच्या दरात राहणारे पाहुणे येऊ लागले. ते गावातच जेवतात, तेथल्याच दुकानात खरेदी करतात. देश मुस्लिम असल्याने वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, तरीही धंदा चालला. स्वच्छ व शांत मुक्काम मागणारे गिऱ्हाईक जगात आहे, हे यावरून दिसते.

देवबाग-तारकर्लीतही पाहुणा घरात उतरला की कोळ्याची मासळी खपते, होडीवाल्याला फेरी मिळते, कोकम आणि खाजा विकणाऱ्याची विक्री होते.

आपल्या कारागिरांसाठी

तेथे गेल्यावर डोळे उघडे ठेवावेत. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाच्या खाटा, ग्रील आणि बिजागऱ्या लवकर गंजतात, आणि घरमालक त्या पुनःपुन्हा बदलतो. जस्ताचा मुलामा दिलेला माल किंवा जेथे गरज असेल तेथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील देऊ शकणारा कारागीर त्याला हवाच असतो. अशा खाटेची किंमत जास्त सांगावी लागेल. मग घरमालकाला वर दिलेलाच हिशेब मांडून दाखवावा : एक वेळची किंमत आणि पाच वर्षांचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन खोल्यांची मापे आणि घरमालकाचा नंबर वहीत लिहून आणला, तर सहलीचा खर्च पुढच्या ऑर्डरीतून भरून निघण्याची शक्यता असते.

आजपासून गल्ल्यातून रोज ३० रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला १०,९५० रुपये होतात. वरच्या उदाहरणातला मुक्काम त्यात बसतो आणि गाडीभाड्याला ३३५० रुपये उरतात. कर्ज काढायची गरज नाही.