गुडघा झिजला, तरी ज्युदो?

प्रश्न : वय ५६. कॉलेजपासून ज्युदो खेळतो. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणाले, "आता उड्या-पछाड बंद." मॅट सोडावीच लागेल का?

उत्तर : मॅट सोडू नका, रांदोरी (मुक्त लढतीचा सराव) मात्र थांबवा. डॉक्टरांचा आक्षेप आपटण्याला आणि पाय रोवलेला असताना गुडघ्याला बसणाऱ्या पिळाला आहे, हालचालीला नाही. उलट, बसून राहिलात तर मांडीचे स्नायू सुकतील आणि सगळा भार सांध्यावरच येईल. गुडघ्यांवर बसून मारायची सेओई-नागे (खांद्यावरून फेक) कायमची विसरा.

आता 'जू नो काता'कडे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने जोडीने करायच्या सरावाकडे वळा. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी रचलेल्या या कातात १५ तंत्रं आहेत आणि शेवटपर्यंत कुणालाही पाडायचं नसतं. कानोंच्या शिष्या केइको फुकुदा याच काताच्या जाणकार होत्या. त्या २०१३ साली ९९व्या वर्षी वारल्या, त्याच्या थोडं आधीपर्यंत शिकवत होत्या. तुमच्यासाठी यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही! फक्त जोडीदाराला पाठीवर उचलण्याचे भाग सध्या टाळा.

घरी खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठा-बसा. फिजिओथेरपिस्टकडून संख्या ठरवून घ्या. सरावानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं, तर पुढच्या वेळी सराव कमी करा. गुडघा अडकला, दगा देऊ लागला किंवा सुजला, तर मात्र थेट अस्थितज्ज्ञांकडे जा. आणि ज्युनिअर मुलांना उकेमी (इजा न होता पडण्याचं तंत्र) शिकवायला तुमच्यासारखी माणसं हवीच आहेत, प्रशिक्षकांशी बोला.