टीव्हीला जोडायचा संगणक

संगणक म्हणजे हिशेब करणारे आणि लिहिलेले ध्यानात ठेवणारे यंत्र. बँकेत तो तुम्ही पाहिला आहे. तुमच्या खिशातला मोबाइल हाही संगणकच. पण साठ वर्षांपूर्वी एकेक संगणक खोलीभर असे. सरकार आणि बड्या कंपन्या यांनाच तो परवडे.

विलायतेत क्लाइव्ह सिंक्लेअर नावाचा कारखानदार होता. त्याने १९८० साली शंभर पौंडांच्या आत एक लहान संगणक काढला. १९८१ साली दुसरा काढला, तो सत्तर पौंडांचा. १९८२ साली तिसरा आला. हा रंग दाखवी. त्याचे नाव स्पेक्ट्रम. किंमत १२५ पौंडांपासून पुढे.

एवढा स्वस्त कसा? त्याने पडदा दिलाच नाही. घरच्या टीव्हीला वायर जोडायची. साठवणीचे यंत्रही दिले नाही. ज्या टेपरेकॉर्डरवर आपण भजने ऐकत होतो, तसलाच त्याला लावायचा. मजकूर कॅसेटवर आवाज होऊन बसे. आपल्याला नुसती किरकिर ऐकू येई, संगणकाला ती वाचता येई! मला तरी ही युक्ती फार पसंत आहे. घरात आहे तेच वापरले.

आत झेड-८० नावाची चिप होती. हा त्याचा मेंदू. सेकंदाला पस्तीस लाख ठोके तिला मिळत. स्मरण दोन तऱ्हेचे. एक कारखान्यातच कोरलेले, ते पुसत नसे. दुसरे पाटीसारखे. मोठ्या स्पेक्ट्रमच्या पाटीवर सुमारे ४९ हजार इंग्रजी अक्षरे मावत. पण वीज गेली की पाटी कोरी. आपल्याकडे वीज जाते हे काय सांगायला पाहिजे? म्हणून काम झाले की लगेच कॅसेटवर उतरवून ठेवायचे. परत चढवायला चार-पाच मिनिटे लागत.

हा संगणक सुरू केला की गप्प बसे. तुम्ही लिहाल तेव्हाच तो बोले. 'प्रिंट ७ गुणिले ८' असे त्याच्या खुणांनी लिहिले की ५६ दाखवी. 'प्रिंट' हा शब्द सबंध लिहावा लागत नसे. 'पी'चे एक बटण दाबले की पुरे.

समजा, तुम्ही सांगलीच्या पेठेत हळद विकली. वजन गुणिले दर, त्यातून हमाली आणि तोलाई वजा. ही रीत एकदा लिहून दिली की पुढे फक्त आकडे बदलायचे. पेढीवरची पट्टी बरोबर की चूक, ते घरी बसून कळे. रीत चुकीची लिहिली तर उत्तरही चुकीचे येई. तिथे यंत्राचा दोष नाही.

१९८४ साली भारत सरकारने निवडक शाळांत संगणक देण्यास सुरुवात केली. ते बीबीसी मायक्रो नावाचे, तेही विलायती. पुढे १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रमचा देशी अवतार काढला. तो काही वर्षे चालला. खुद्द सिंक्लेअरने १९८६ सालीच आपला संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला विकला.

आपल्या भागात १९९८ साली वारणा खोऱ्यात मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांसाठी संगणक आणले. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, कारखान्यावर खेप घालावी लागू नये, एवढ्यासाठी.