तापणारा लॅपटॉप आणि आखातातला उन्हाळा

लॅपटॉप तापतो, पंखा सतत घोंघावतो, काम ऐन रंगात आलं की मशीन मंदावतं. मग नवा घ्यायचा, की आहे त्यालाच गार ठेवायची काही सोय करायची? मे महिना लागला की इथली आपली मंडळी मला हे हमखास विचारतात. मी शारजात राहते. बांधकामाचे नकाशे आणि मोजमापं हे माझं काम, आणि सहा कोअरचा जुना लॅपटॉप मी अजून सोडलेला नाही. तो उघडून मी साफ केला, चिपची उष्णता तिच्यावरच्या तांब्याच्या पट्टीकडे नेणारी पेस्ट आणि पॅड बदलले, आणि तिथे थांबले. त्याच्या पुढे गेलेली, ओळखीतली चांगली चालती मशीनं मी कायमची बंद पडलेली पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात खोलीतल्या हवेपासून करायला हवी. लॅपटॉपचा पंखा गारवा निर्माण करत नाही. खोलीतली हवा आत ओढायची, पातळ पात्यांच्या जाळीतून बाहेर फेकायची आणि जाता जाता उष्णता घेऊन जायची, इतकंच त्याचं काम. चिपचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढवलेलं असतं. २४ अंशांच्या खोलीत चिप ८५ अंशांवर जात असेल, तर तेच काम ३४ अंशांच्या खोलीत तिला ९५ च्या आसपास नेणार. त्यात कुठलीही पेस्ट काही करू शकत नाही. २४ मे २०२५ रोजी अल ऐनजवळच्या स्वैहानमध्ये ५१.६ अंशांची नोंद झाली. आपण घरात आणि कचेरीत एसीत बसतो खरे, पण साइटवरची पोर्टाकॅबिन वेगळीच असते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली कामं नियमाने बंद ठेवावी लागतात. माणसं सावलीला येतात आणि तापलेल्या पत्र्याला लागून असलेल्या टेबलावर लॅपटॉप मात्र चालूच राहतो. ते टेबल आतल्या भिंतीला सरकवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो सगळ्यात कमी केला जातो.

गाडीबद्दल तर हात जोडून सांगते. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापरताना ३५ अंश आणि बंद ठेवताना ४५ अंश अशी वरची मर्यादा सांगते. जुलैच्या दुपारी इथे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, मग काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचं काय सांगावं! मागच्या सीटवर पडलेला बंद लॅपटॉपसुद्धा तिथे आपली बॅटरी गमावत असतो.

आता मशीन खरंच उघडायची गरज आहे का, ते ओळखायला शिकावं. माझ्या लॅपटॉपमधली चिप कोअर आय७-८७५०एच, २०१८ ची. तिची कागदावरची क्षमता ४५ वॅट, आणि १०० अंशांशी पोचली की ती स्वतःच वेग कमी करते. हे तिचं संरक्षण आहे. त्यामुळे 'चिप जळून जाईल' ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. त्रास होतो तो मंदावण्याचा, आणि त्या उष्णतेत शेजारी होरपळणाऱ्या बॅटरीचा. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर टाकावं, एखादं जड काम सुरू करावं आणि आकड्याकडे बघत बसावं. काम सुरू होताच एक-दोन सेकंदांत आकडा पंच्याण्णवला उडी मारत असेल, तर चिप आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी यांचा संपर्क बिघडला आहे, म्हणजे पेस्ट वाळली आहे. आकडा सावकाश, दहा-पंधरा मिनिटं चढत राहत असेल, तर हवा अडली आहे. आणि आकडा साठ-सत्तरवर असूनही मशीन रेंगाळत असेल, तर दोष उष्णतेचा नाही. बहुधा आत जुनी फिरती हार्ड डिस्क असते. ती काढून एसएसडी टाकली की काम भागतं. हे न बघता लोक आधी खाली पंख्यांचं स्टँड आणून ठेवतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

माझ्याकडे हवा अडली होती. खालचं झाकण काढल्यावर वरवर सगळं स्वच्छ दिसलं. पंख्याची पाती थोडी करडी, बाकी काही नाही. इथेच बरेच दुरुस्तीवाले हवेचा एक फवारा मारून झाकण लावून टाकतात. मी पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला, तेव्हा पंखा आणि पात्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत खरा प्रकार दिसला. तिथे धुळीची एक सलग पट्टी बसली होती, नमद्यासारखी दाट, चिमट्याने धरून अखंड निघाली. आपल्याकडची धूळ फार बारीक असते. शमाल वारा सुटला की बंद खिडकीतूनही आत येते. तिच्यात गालिच्याचे तंतू मिसळतात, आणि स्टुडिओ फ्लॅटमध्ये स्वयंपाक, झोप आणि काम एकाच खोलीत असलं की फोडणीचा तेलकटपणाही. असा थर फुंकून जात नाही. उलट बाहेरून जोराची हवा मारली तर तो पात्यांत आणखी घट्ट बसतो. पंखा काढूनच साफ करावा. हवा मारायचीच असेल तर पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवावं, नाहीतर तो भरधाव फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. साफसफाईने माझ्या मशीनचा निम्म्याहून जास्त प्रश्न मिटला. शारजा-दुबईत राहणाऱ्यांनी दर वर्षी उन्हाळ्याआधी हे करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेस्टचं काम त्याहून नाजूक, पण अवघड नाही. आधी चार्जर काढायचा, मग बोर्डावरून बॅटरीची जोडणी सोडवायची, आणि मगच बाकीच्या कशाला हात लावायचा. हा क्रम कोणत्याही घाईत मोडू नये. तांब्याच्या पट्टीवर स्क्रूंशेजारी १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने, थोडं थोडं आवळत जायचं, आणि काढताना उलट. एकच कोपरा आधी पक्का आवळला तर उघड्या चिपवर तिरका दाब येतो आणि तिची कड उडू शकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. नवी कोणती घ्यावी याबद्दल दुकानात तासभर ऐकवतील. लॅपटॉपची चिप दिवसभर तापते आणि निवते, त्या आकुंचन-प्रसरणात पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून मी ४५ अंशांच्या सुमारास मऊ होऊन जागच्या जागी पसरणारी हनीवेलची पीटीएम७९५० ही पत्री वापरली. वर्षावर्षाला मशीन उघडून पेस्ट लावायची हौस नसेल त्यांना हीच सोयीची. मात्र तिच्या नावाने नकली मालही खूप विकला जातो, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावी.

पॅडबाबत फार कमी लोक सावध असतात. चिपच्या आजूबाजूच्या लहान घटकांवर रबरासारखे मऊ पॅड असतात, कुठे अर्धा मिलिमीटर, कुठे एक, कुठे दीड. फाटले म्हणून हाताला लागतील ते बसवले आणि ते अर्धा मिलिमीटरने जाड निघाले, की सगळी तांब्याची पट्टी तेवढी वर उचलली जाते आणि मुख्य चिपला नीट टेकतच नाही. नवी पेस्ट, नवे पॅड, आणि तापमान पूर्वीपेक्षा जास्त. जुना पॅड काढण्याआधी त्याची न दबलेली कड मोजावी आणि जाडी लिहून ठेवावी.

इथवर जे सांगितलं ते यंत्रणा मुळात होती तशी करणं आहे. धोका सुरू होतो तो तिच्यात फेरफार करताना. सगळ्यात लोकप्रिय फेरफार म्हणजे खालच्या झाकणाला भोकं पाडणं. विचार सरळ वाटतो, जास्त भोकं म्हणजे जास्त हवा. पण कित्येक लॅपटॉपांत हवा एका ठरलेल्या वाटेने आत येते आणि येता येता मेमरी, एसएसडी आणि वीज पुरवणारे घटक यांच्यावरून जाते. पंख्याच्या थेट खाली भोकं पाडली की ती जवळची वाट धरते. चिपचा आकडा दोन-चार अंशांनी उतरतो आणि आपण खूश होतो, पण बाकीचे घटक वाऱ्याविना राहतात आणि त्यांचं तापमान आपण बघतच नाही. शिवाय ड्रिलचा धातूचा एखादा कण बोर्डावर राहिला तर तेवढ्याने शॉर्ट होतं. आणि इतक्या मोठ्या भोकांतून आपली ही धूळ किती आत जाईल, तेही बघा.

दुसरा फेरफार द्रवधातूचा. गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं हे मिश्रण पाऱ्यासारखं दिसतं आणि उष्णता साध्या पेस्टपेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतं. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते कारखान्यातच वापरलं, पण भोवती ते अडवणारी कड बसवून. आपल्या जुन्या लॅपटॉपला तशी कड नसते. आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मुलीचा लॅपटॉप एका दुकानात दिला. तिथे साध्या पेस्टऐवजी न विचारता द्रवधातू भरला गेला. काही आठवडे मशीन छान गार चाललं, म्हणून तो फार समाधानात होता. मुलगी कॉलेजला जाताना ते पाठीवरच्या पिशवीत उभं ठेवून नेई. एक दिवस ते सुरूच झालं नाही. त्याने माझ्याकडे आणलं. आम्ही उघडलं तर चिपच्या कडेला चकचकीत थेंब होता, शेजारच्या वाळूच्या कणाएवढ्या कपॅसिटरांवर पसरलेला. हा धातू वीजही वाहून नेतो. बोर्ड संपला होता. पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर आणखी वाईट, कारण गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून त्याला ठिसूळ करतं. मशीन दुरुस्तीला देताना आत काय भरणार हे आधी विचारा, आणि पावतीवर लिहून घ्या.

तिसरा प्रकार म्हणजे पेल्टियर पट्टीचा कूलर, ज्याची एक बाजू विजेवर खरोखर थंडगार होते. इथल्या हवेत तो मला नको वाटतो. ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. किनाऱ्यालगतच्या दमट हवेतलं पाणी गार काचेवर जमतं, तेच गार धातूवरही जमणार. खोलीच्या हवेपेक्षा बराच थंड केलेला पत्रा लॅपटॉपच्या पोटाशी धरणं म्हणजे बोर्डाजवळ दव पाडण्याची व्यवस्था करणं. त्याच कारणाने, गारठलेल्या कचेरीतून बाल्कनीत किंवा एसी नसलेल्या खोलीत आणलेला लॅपटॉप लगेच सुरू करू नये. अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा.

आणि या सगळ्या धडपडीआधी विंडोजमध्ये एक आकडा बदलून बघा. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ केली की इंटेलच्या बहुतेक जुन्या चिपांचा टर्बो वेग बंद होतो. माझी चिप मग ४.१ गिगाहर्ट्झकडे झेप घेत नाही, २.२ वरच राहते. वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. पत्रव्यवहार, हिशेब, नकाशे बघणं यांत हा फरक जाणवतही नाही. मोठं मॉडेल उघडायचं असेल त्या दिवशी परत १०० करते.

बॅटरी मात्र वेगळी बघा. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर ठेवल्यावर मशीन डुगडुगतं, ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणं. त्यावर पेस्टही नको आणि पंखाही नको. वापर तिथेच थांबवा, चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबू नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. दुबईत ई-कचरा हाताळणारं एन्व्हायरोसर्वचं केंद्र आहे. आणि सुट्टीला जाताना असा लॅपटॉप सामानात मुळीच नको. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानात न्यायला बंदी आहे, आणि ती बंदी रास्त आहे.

मग नवा कधी घ्यावा? माझा हिशेब उष्णतेपासून सुरू होत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. माझी चिप आठव्या पिढीची, म्हणून पत्री, पॅड आणि नवी बॅटरी यांवर दिरहम घालणं मला पटलं. सातव्या पिढीचं मशीन असतं तर मी फक्त धूळ काढली असती आणि बाकीचे पैसे नव्यासाठी बाजूला टाकले असते. पंख्याचा आवाज घरघरा येत असेल तर तेवढा पंखा बदलता येतो. बर दुबईत अल ऐन सेंटरच्या आसपास सुटे भाग मिळतात, फक्त मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन जा, नावावर जाऊ नका. पण बोर्ड एकदा दुरुस्त झालेला असेल, बिजागरी तुटली असेल आणि बॅटरीही गेली असेल, तर तिथे गारव्यावर आणखी खर्च करू नका.

आपल्यातले बरेच जुने लॅपटॉप शेवटी गावी कुणा भाच्या-पुतण्याकडे जातात. माझाही साताऱ्याला जाणार आहे. त्यासाठी खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, हवेच्या जाळीपासून दूर, मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. चिपवर काय लावलंय, कुठल्या पॅडची जाडी किती, बॅटरी कधी बदलली, आणि डाव्या कोपऱ्यातल्या कोणत्या स्क्रूचे आटे गेलेत, तेवढं लिहिलंय. तिथला दुरुस्तीवाला झाकण उघडेल तेव्हा त्याला पॅड अंदाजाने कापावे लागणार नाहीत.