नाट्यव्यवसायाचे वृत्तपत्र

लंडन येथील 'द स्टेज' हे नाट्यव्यवसायास वाहिलेले पत्र १८८० साली मासिकरूपाने निघाले व १८८१ पासून साप्ताहिक झाले. सर्वसाधारण वृत्तपत्र नाटकाचे परीक्षण प्रेक्षकांसाठी छापते. व्यवसायपत्र मात्र नट, व्यवस्थापक व पडद्यामागील कामगार यांच्यासाठी असते. कोणत्या नाटकमंडळीस नट हवा आहे, हे त्यातून कळते. फिरतीवरील नटाचा करार संपला की, त्याची पुढील उपजीविका पुष्कळदा अशा जाहिरातींवरच अवलंबून असे. पुढे नाटककार म्हणून कीर्ती पावलेले हॅरॉल्ड पिंटर यांना १९५१ साली आयर्लंडमध्ये फिरणाऱ्या अ‍ॅन्यू मॅकमास्टर यांच्या मंडळीत काम मिळाले, ते याच पत्रातील जाहिरातीस उत्तर पाठवून. वशिला नसलेल्या कलावंतासही कामाची वार्ता मिळावी, हेच अशा पत्राचे खरे कार्य होय.